वाफेच्या खोलीची कडी

महाडच्या आमच्या घरातली सगळी दारं आत उघडायची. एकच बाहेर उघडायचं, परसातल्या वाफेच्या खोलीचं. नवीन माणूस हमखास ते ढकलत राहायचा आणि आम्ही स्वयंपाकघरातून सांगायचो, ओढा, ढकलू नका. वाफेची खोली म्हणजे काय हे त्या काळी महाडात आमच्याखेरीज फारसं कोणाला ठाऊक नव्हतं, म्हणून आधी ते सांगते.

आईला सांधेवात होता. चाळिशीतच गुडघे धरले, मग मनगटं, मग बोटं. हिवाळा-उन्हाळा ती कशीबशी निभावून न्यायची, कारण सव गाव जवळ होतं. होडीनं जायचं, तिथल्या गरम पाण्याच्या कुंडात गळ्यापर्यंत बसायचं आणि होडीनं परत यायचं. आली की दोन-तीन दिवस तिचे सांधे मोकळे असत. पण तिथंही तिची एक अडचण होतीच. ओलेत्यानं चारचौघींसमोर यायचं तिच्या जिवावर येई. बरोबरच्या दोघींनी सुकं लुगडं आडवं धरायचं, तिनं त्यामागं बदलायचं, आणि धरणाऱ्यांनी तोंड दुसरीकडे फिरवायचं. मी पोटची मुलगी, पण मलाही त्यातून सूट नव्हती. एकदा वाऱ्यानं लुगडं हातातून सुटलं. कुंडावर तेव्हा चरणाऱ्या दोन म्हशींखेरीज कोणी नव्हतं, तरी त्यानंतर बरेच दिवस तिनं सवचं नाव काढलं नाही.

खरा प्रश्न पावसाळ्याचा. सावित्री नदी फुगली की होड्या बंद, आणि कुंडांत गढूळ पाणी. नेमक्या त्याच दिवसांत दमट हवेनं तिचं अंग धरायचं. ज्या वर्षाचं मी सांगते आहे, त्याच्या आदल्या पावसाळ्यात ती आषाढात खाटेवर पडली ती दसऱ्याला उठली, आणि उठली म्हणजे आम्ही उठवली. वैद्यांनी स्पष्ट सांगितलं की आणखी एक पावसाळा असा गेला तर गुडघे आखडतील ते कायमचेच, मग सवचं पाणीही काही करू शकणार नाही. अंगातून घाम काढत राहा, निर्गुडीच्या पाल्याची वाफ द्या. वैद्य गेल्यावर आई भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. दुसऱ्यानं उचलून न्हाणीत न्यायचं आणि दुसऱ्यानं आंघोळ घालायची, या एका गोष्टीची तिला मरणाहून जास्त धास्ती होती. ती बोलली नाही, पण बाबांना आणि मला ते कळलं.

बाबांचं बाजारपेठेत कापडाचं दुकान होतं. माल आणायला मुंबईला जायचे. तिथं कोणीतरी त्यांना एका निसर्गोपचारवाल्याकडे नेलं आणि त्यांनी वाफेची पेटी पाहिली. लाकडी पेटी, आत माणूस बसवायचा, वरच्या भोकातून डोकं बाहेर आणि खालून वाफ. परत आल्यावर जेवताना त्यांनी आमटीत बोट बुडवून पाटावर तिचं चित्र काढलं. आईनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, खुराड्यातल्या कोंबडीसारखी मान बाहेर काढून मी बसायची नाही. बसवायचंच असेल तर चांगलं दार लावून घेता येईल अशा जागी बसवा.

बाबांना तेवढं पुरे झालं. पेटी नाही तर नाही, खोली करू. माणूस उतावळा होता. आरती संपेपर्यंत ज्यांना एका जागी उभं राहवत नसे, मधेच जाऊन मांजर हाकलून येत, त्यांनी दुसऱ्याच दिवशी परसातली सरपणाची खोली रिकामी केली. न्हाणीघराला लागून होती, दोन माणसं जेमतेम मावतील एवढी. चूल बाहेरच्या अंगाला मांडली. तांबटाकडून हंड्याला घट्ट झाकण करवून घेतलं, झाकणातून एक पितळी नळी काढली आणि ती भिंतीतून आत सोडली. वाफ कौलांतून पळू नये म्हणून खाली बांबूची तट्टी ठोकून ती शेणमातीनं लिंपली. आत बसायला एक फळी. एवढं सगळं चुटकीसरशी झालं आणि मग गाडं अडलं ते दारापाशी.

खोलीला दार नव्हतंच, नुसता झावळ्यांचा आडोसा होता. दारासाठी नाते गावाहून एक सुतार बोलावला. हा गृहस्थ हातानं जेवढं काम करी त्याच्या दुप्पट तोंडानं करायचा. निम्म्या महाडची दारं आपण केली असं तो सांगायचा, आणि उरलेल्या निम्म्या महाडची दारं पाहून नाक मुरडायचा. बाबांनी त्याला बजावलं की थेंबभर वाफ बाहेर जाता कामा नये. तो म्हणाला, "शेट, मुंगी भायेर यायची नाय."

पण लाकूड कुठलं घ्यायचं? आमच्याकडे मृगापासून दिवाळीपर्यंत प्रत्येक घरात एक तरी दार फुगून बसतं. आमच्या देवघराचं दार श्रावणात कंबरेनं ढकलल्याशिवाय लागत नसे, आणि गणपतीत आल्यागेल्याला त्याची कौतुकानं ओळख करून दिली जाई. मग जिथं बारा महिने आतच पाऊस, त्या खोलीचं दार किती फुगेल? बाबा आणि सुतार चहावर चहा घेत फणस, ऐन, साग असं एकेक झाड निकालात काढत होते. आई आतून म्हणाली की एवढ्या चहात माझं अंग शेकून झालं असतं.

मग एका सकाळी बाबांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तुडील गावी त्यांच्या एका गिऱ्हाइकाचा मोडका मचवा, मालाची मोठी होडी, नदीकाठी पडून होता. चांगल्या सागाच्या फळ्या. बाबा म्हणाले, जन्मभर पाण्यात राहिलेलं लाकूड ते, त्याला वाफ काय करणार? सुतारानं मांडीवर थाप मारली आणि हेच आपल्या मनात पहिल्यापासून होतं असं सांगून टाकलं. मलाही पटलं. मी तेव्हा गावातल्या शाळेत शिकवत होते, आणि मधल्या सुट्टीत इतर शिक्षकांना बाबांची ही अक्कल मी मोठ्या अभिमानानं सांगितली. त्यांनाही पटली. महाडसारख्या बंदराच्या गावात एकालाही शंका आली नाही.

फळ्या बैलगाडीतून आल्या. काळ्याभोर, जाड, खिळ्यांच्या भोकांनी भरलेल्या. आणि माशांच्या तेलाचा असा वास, की गाडी गल्लीत शिरली तेव्हाच शेजारची मांजरं मागोमाग आली. आई म्हणाली, या दारामागं बसून मी बरी झाले तरी मला पंक्तीला कोणी घेणार नाही. मग त्या फळ्या राखेनं घासल्या, रिठ्याच्या पाण्यानं धुतल्या आणि अंगणात उन्हात टाकल्या. चैत्र गेला, वैशाखही निम्मा गेला. रोज सकाळी मी त्या उलटायची आणि नाक लावून पाहायची. वास गेला तेव्हा फळ्या वाळून पापडासारख्या खडखडीत झाल्या होत्या.

सुतारानं काम मात्र नेटकं केलं. फळीला फळी भिडवली, मागून आडव्या पट्ट्या मारल्या. दार घरातल्या बाकी दारांसारखंच आत उघडणारं बसवलं, दुसरं काही सुचायचं कारणच नव्हतं. आतून लोखंडी कडी. त्यानं आधी आणलेली नाजूक कडी आईनं परत पाठवली. ही ट्रंकेची आहे, दाराची आणा, म्हणाली. जाड कडी बसल्यावर तिनं स्वतः आत जाऊन ती लावून पाहिली, काढून पाहिली आणि पसंतीची मान हलवली. बाबांनी पेटती उदबत्ती फटीपाशी सगळीकडे फिरवली. धूर कुठंही आत ओढला गेला नाही. ते इतके खूश झाले की सुताराला त्यांनी दुकानातलं धोतराचं पान दिलं.

ज्येष्ठ लागला, आभाळ भरून यायला लागलं, आणि एका रविवारी आम्ही चूल पेटवली. आई निर्गुडीचा पाला, तांब्या आणि पंचा घेऊन आत गेली. कडी लागल्याचा खट् आवाज आला. नळीतून वाफ सूं करत आत जाऊ लागली. दाराच्या फटीतून खरोखरच काही बाहेर येत नव्हतं. बाबा दारासमोर असे येरझाऱ्या घालत होते, जणू आत बाळंतपण आहे.

बऱ्याच वेळानं आई आतून म्हणाली, पुरे आता. मग कडी हलवल्याचा आवाज आला. मग पुन्हा. मग काहीच नाही.

कडी निघत नव्हती. दार चौकटीत गच्च बसलं होतं, त्यानं कडीला कोयंड्यात दाबून धरलं होतं, आणि आईच्या बोटांत तेवढा जोर कुठला? बाबांनी आधी चुलीतली लाकडं ओढून काढली, त्यांवर पाणी ओतलं. वाफ थांबली, पण आत कोंडलेली जाणार कुठून? आम्हीच तिला एक फट ठेवली नव्हती. बाबांनी खांदा लावला. दार हललंही नाही. आरडाओरडा ऐकून शेजारचे काका आले आणि शिडी आणतो, कौलं काढून आत उतरतो म्हणाले. त्यावर आतून आईचा आवाज आला. दमलेला होता, पण शब्द स्वच्छ.

"कोणालाही वर चढवू नका. चढायचं तर माझी मुलगी चढेल."

मी पदर खोचला आणि चढले. तोवर मी आंब्याच्या झाडावरसुद्धा चढलेली नव्हते, आणि खाली पाहिलं असतं तर चढलेही नसते. कौलं काढून काकांच्या हातात देत गेले. काका मान खाली घालून घेत होते. कोयत्यानं तट्टी फोडली तेव्हा निर्गुडीच्या वासाचा गरम लोट तोंडावर आला आणि मला क्षणभर काहीच दिसेना. मग दिसली. दारापाशी जमिनीवर, ओलं लुगडं अंगाला गुंडाळून, पाठ भिंतीला टेकून बसलेली. चेहरा लाललाल, डोळे मिटलेले. मी उडी मारली ती तिच्या पायावर पडायची राहिले.

तिनं डोळे उघडले. मला वाटलं, पाणी मागेल. तिनं सुकं लुगडं मागितलं. काकांनी ते वरच्या भगदाडातून तोंड फिरवून खाली सोडलं. त्या भट्टीत, धाप लागलेली असताना, तिनं माझ्याकडून निऱ्या नीट काढून घेतल्या, पदर दोनदा सारखा केला, आणि मगच म्हणाली, आता कडी काढ. मी कोयत्याच्या मागच्या बाजूनं घाव घातले तेव्हा कडी वाकडी होऊन निघाली. त्याच वेळी बाहेरून बाबांनी खांदा मारला आणि दारासकट ते आत येऊन पडले.

उठल्यावर त्यांनी आईकडे पाहिलं. कापड फाडताना ज्यांची रेघ कधी वाकडी जात नसे त्या हातांनी त्यांनी माझ्या हातातला कोयता घेतला, दारात घातला आणि कडी, कोयंडा, सगळं तिथल्या तिथं उचकटून काढलं.

आई दोन दिवस पडून होती. नंतर उठून चालली तेव्हा तिच्याच लक्षात आलं की गुडघे कधी नव्हे एवढे हलके झाले आहेत. उपाय बरोबर होता, दार चुकलं होतं. आणि काय चुकलं ते आता माझ्या शाळेतल्या मुलांनाही उमजलं होतं. होडी उन्हात पडली की तिच्या फळ्या आकसतात, सांदी उघडतात. मग तिला पाण्यात बुडवून ठेवायची, फळ्या फुगतात, सांदी मिटतात आणि होडी गळायची थांबते. हे महाडात कोणाला माहीत नव्हतं? दर वर्षी बंदरावर आम्ही ते डोळ्यांनी पाहायचो. मचव्याच्या फळ्यांनी त्यांचं जन्माचं काम इमानानं केलं होतं. आम्हीच त्यांना आधी वाळवून खडखडीत केलं आणि मग पाणी दाखवलं.

सुतार पुन्हा आला. दार रंधा मारून कमी केलं, फटीला गोणपाटाची पट्टी मारली. बाबांनी हुकूम दिला की दार आता बाहेर उघडलं पाहिजे, आतून नुसता हात लावला तरी सुटलं पाहिजे. सुतार घुटमळला.

"शेट, दार भायेर उघडलं तर लक्ष्मी भायेर जाते. आपल्यात असं करत नाय."

बाबा म्हणाले, या खोलीत लक्ष्मी यायची नाही, घामच यायचा आहे, तो गेला बाहेर तर बरंच. दार बाहेर उघडायला लागलं. आणि कडीच्या जागी बाबांनी लाकडाच्या खुंट्या मारून भोकं बुजवली. कडी नाही म्हणजे नाही, म्हणाले.

मग आईनं तोंड उघडलं. कडी नसलेल्या दारामागं मी अंगावरचं काढून बसणार नाही. एवढंच म्हणाली आणि सुपातले तांदूळ निवडायला लागली.

त्यानंतर घरात जे सुरू झालं त्याला भांडण म्हणता येणार नाही, कारण भांडायला बोलावं लागतं. दोघंही माझ्यामार्फत बोलायची. तुझ्या आईला सांग की आत भोवळ आली तर पुन्हा कौलं काढायची का. तुझ्या वडिलांना सांग की भोवळ आली तर येऊ दे, लाज तर राहील. मी दिवसभर शाळेत पोरांची भांडणं सोडवायची आणि घरी येऊन यांची. बाहेरून कडी लावू म्हटलं, तर आईनं विचारलं, मी काय कोंडून घालायची गाय आहे? मी बाहेर बसते म्हटलं, तर म्हणाली, तू बसशील आणि कोणी हाक मारली की उठशील. खरं होतं ते. माझा पाय एका जागी ठरत नसे, त्या बाबतीत मी बाबांवर गेले होते.

असा ज्येष्ठ संपला. आषाढात पाऊस लागून राहिला आणि आईची बोटं वळायची बंद झाली. आधी भाकरी थापता येईना, मग वेणी घालता येईना. मी तिची वेणी घालताना ती डोळे मिटून बसायची. एके दिवशी तिला खाटेवरून उठताना दोनदा प्रयत्न करावा लागला आणि तिनं माझ्याकडे असं पाहिलं, की मी ते पाहिलेलं नाही असं मला दाखवावं लागलं. त्या दिवशी मला दोघांचाही मनस्वी राग आला. एवढी चांगली वाफ, एवढी घडवलेली खोली, आणि मधे एक वीतभर लोखंड. मी बाबांना म्हटलंही, तुमच्या हट्टापायी ती पांगळी होईल. ते छत्री उचलून दुकानात गेले.

दुसऱ्या दिवशी ऐन चार वाजता, बाजाराची वेळ भरात असताना, बाबा घरी आले. आमचं दुकान उभ्या फळ्यांचं. सकाळी एकेक फळी काढायची, रात्री एकेक लावायची. मधे ती कधी लागल्याचं मी पाहिलेलं नव्हतं. माझ्या बारशालासुद्धा बाबा गिऱ्हाईक उरकून आले होते, हे आई मला दर वाढदिवसाला ऐकवायची. आल्यावर त्यांनी हातपाय धुतले, स्वयंपाकघरातला पाट उचलला आणि वाफेच्या खोलीच्या दाराबाहेर, वळचणीखाली मांडला. त्यावर दाराकडे पाठ करून बसले. आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. कित्येक दिवसांनी ते तिच्याशी थेट बोलले.

"लुगडं मला धरता येत नाही. पाठ करून बसता येतं. हीच कडी समज, आणि आत जा."

"दुकान?" आईनं विचारलं.

"फळ्या लावून आलोय."

आई मग मला म्हणाली, पंचा दे. बाबा पाट घेऊन बाजूला झाले, ती आत गेली, दार लागलं, बाबांनी पाट पुन्हा दाराला भिडवला आणि पाठ टेकून बसले. मी चूल पेटवली. धुरानं डोळ्यांत पाणी येतं ही त्या दिवशी मोठीच सोय झाली.

मग ते ठरूनच गेलं. सोमवारी आणि गुरुवारी चार वाजले की दुकानाला फळ्या. बाजारात लोक हसायचे. कोणी कापडाला आलं आणि दुकान बंद दिसलं की शेजारचा दुकानदार सांगायचा, शेट कडीला गेलेत. पुढं पुढं तो महाडात वाक्प्रचारच झाला. कोणी बायकोच्या शब्दाबाहेर नसला की म्हणत, हा कडीला बसतो. बाबांच्या कानावर ते येई. ते म्हणत, बसून बघा, पाठ चांगली शेकते.

त्या माणसाला असं नुसतं बसणं किती जड गेलं असेल ते मला माहीत आहे. सुरुवातीला ते पायाचा अंगठा सारखा हलवायचे. आत भोवळ तर आली नाही ना, हे कळावं म्हणून थोड्या थोड्या वेळानं विचारायचे, "आहेस ना?" आतून आई म्हणायची, "आहे." पुन्हा जरा वेळानं, "आहेस ना?" "आहे." मग या दोन शब्दांच्या मधल्या जागा हळूहळू भरू लागल्या. त्या काळी आमच्याकडे नवराबायको चारचौघांत बोलत नसत, आणि घरात नेहमी चारचौघं असतच. सामान काय आणायचं, पाहुणे कोण येणार, एवढंच बोलणं. आता त्या दाराच्या दोन बाजूंना दोघं बसून काय काय बोलायची. मी चुलीपाशी असायची तेव्हा तुकडे कानावर येत. आईच्या माहेरच्या एका गाईची गोष्ट. मुंबईत पहिल्यांदा गेल्यावर बाबा रस्ता चुकले होते ती. एकदा दोघं हसत होती, आणि आई हसताना आवाज करते हे मला तेव्हा कळलं. मग मी चुलीत पुरेशी लाकडं घालून आत निघून जायला लागले. मला आनंद होत होता, आणि खरं सांगायचं तर थोडा हेवाही वाटत होता.

आई काही धावायला लागली नाही. पण त्या पावसाळ्यात ती खाटेवर पडली नाही, आणि त्याच्या पुढच्याही नाही. गणपतीत तिनं स्वतःच्या हातानं मोदक वळले, कळ्या वाकड्या आल्या तरी वळले. बाबा पाहुण्यांना सांगत, आमच्याकडे मोदक आणि मोदक करणारी दोन्ही उकडून निघतात. आई म्हणाली, सारणाला गूळ कमी पडलाय, तेवढं बघा.

अशी बरीच वर्षं गेली. बाबा गेले ते एका हिवाळ्यात, दुकानातच, गादीवर बसल्या जागी. शेजारच्या दुकानदारानं फळ्या लावल्या आणि घरी निरोप घेऊन आला. दुकान पुढं चुलतभावानं चालवलं.

त्यानंतर आई वाफेच्या खोलीकडे फिरकली नाही. हिवाळा गेला, उन्हाळा गेला. सवला चल म्हटलं तरी नको म्हणायची. आषाढात तिची बोटं पुन्हा वळेनाशी झाली तेव्हा मात्र मी हट्टाला पेटले. तिला म्हटलं, मी बसते बाहेर, आणि कोणी कितीही हाका मारल्या तरी उठणार नाही. ती कशीबशी तयार झाली. भिंतीला टेकवलेला बाबांचा पाट मी दाराला लावला, पाठ टेकली, आणि हाताला काम हवं म्हणून वालाचे दाणे सोलायला घेतले. आई आत गेली. वाफेचा सूं आवाज सुरू झाला. पाऊस वळचणीवरून गळत होता. आम्हा मायलेकींना एकमेकींशी बोलायची फारशी सवय नव्हती, तेव्हा मी गप्प होते आणि तीही गप्प होती.

बऱ्याच वेळानं ती आतून म्हणाली,

"आहे."

मी काहीच विचारलं नव्हतं. माझ्या हातातला वाल हातातच राहिला. थोड्या वेळानं दाराला हात लागला, मी पाट घेऊन बाजूला झाले आणि ती बाहेर आली. नेहमीसारखी नीट लुगडं नेसलेली. पायरीवर बसून केस पंच्यानं टिपत म्हणाली की सुताराला निरोप पाठव, दाराला कडी लावून घेऊ.

"आतून?" मी विचारलं.

"आतून. आता बाहेर कोणी बसायला नको."

मी म्हटलं, आणि काही झालं म्हणजे? ती म्हणाली, तुला कौलं काढायची सवय आहे.

सुतार आला. म्हातारा झाला होता, पण तोंड तसंच होतं. नवी कडी आणली होती, पण आईनं ती परत केली आणि खिळ्यांच्या डब्यातून जुनी काढून दिली. बाबांनी उचकटलेली, माझ्या घावांनी वाकलेली. त्यानं ती ठोकून सरळ केली, जुन्या खुंट्या काढल्या आणि त्याच भोकांत बसवली. दार अजून ठणठणीत होतं. मी पहिल्यापासून सांगत होतो, मचव्याच्या लाकडासारखं लाकूड नाही, असं तो म्हणाला. आई हो म्हणाली.

त्या गुरुवारी ती एकटी आत गेली. कडी लागल्याचा खट् आवाज मला स्वयंपाकघरात ऐकू आला. मी बाहेर आले, चुलीत लाकूड सारलं. दाराबाहेरचा पाट आता कशाला पावसात भिजवायचा, म्हणून आत न्यायला उचलला. तो फरशीला जरासा घासला.

"तो पाट राहू दे तिथंच," आई आतून म्हणाली.